डिस्क कोणती, फाइलसिस्टीम कोणती, स्नॅपशॉट किती? छोट्या ऑफिस-स्टुडिओसाठी मार्गदर्शक

इंदुरात आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एसएसडी मागितली की काउंटरवरून उत्तर वेगाच्या आकड्यात येतं: सेकंदाला साडेतीन हजार एमबी, सात हजार एमबी. आकडा खोटा नसतो, पण तो एका ठरावीक प्रसंगाचा असतो. ड्राइव्ह रिकामी, फाइल एकच आणि मोठी, एका वेळी ढीगभर मागण्या रांगेत, आणि तेही सुरुवातीचे काही सेकंद. तुमच्याकडे असं काम होतच नसेल तर त्या आकड्याचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. कोणतं काम कशा प्रकारे लिहितं हे आधी बघायचं, मग ड्राइव्ह, मग फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) आणि सगळ्यात शेवटी स्नॅपशॉट (फाइलींची त्या क्षणाची जपलेली अवस्था) ठरवायचे. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात आणि मग सर्व्हर 'स्लो' निघतो.

राजवाड्याजवळचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ, रामबागेतलं सीएचं ऑफिस, जुनी पुस्तकं स्कॅन करणारं एखादं मराठी मंडळ, अशांसाठी हा लेख आहे. पाच-सात विंडोज संगणक, एक लिनक्स सर्व्हर आणि गिगाबिट लॅन एवढं गृहीत धरलं आहे. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

१. आधी कामाची जात ओळखा

साठवणीचं काम ढोबळमानाने दोन जातींचं. पहिली जात सलग मोठ्या फाइलींची. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) शूट केली असं समजा: दोन कॅमेरे, चार तास, १०० मेगाबिटचं फोर-के रेकॉर्डिंग. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी, एकूण ३६० जीबी. गिगाबिट लॅनवरून हा माल फार तर ११०-११५ एमबी/सेकंदाने जातो, म्हणजे पाऊण-एक तास लागणारच. साधी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सलग लेखनात १५० ते २५० एमबी/सेकंद देते. अडथळा लॅनचा आहे. सर्व्हरमध्ये सात हजारवाली एनव्हीएमई (सगळ्यात वेगवान प्रकारची एसएसडी) बसवली तरी कॉपी एक मिनिटही आधी संपणार नाही. स्कॅनिंगचंही तेच. ए-४ पान ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं तर विनाकॉम्प्रेस टिफ फाइल ४६ एमबीची होते, तीनशे पानी पुस्तक जवळपास १४ जीबीचं. आकडा मोठा दिसतो, पण डिस्कला हे काम सोपं.

दुसरी जात छोट्या विखुरलेल्या लेखनाची: टॅली, मायएसक्यूएलसारखा डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन (संगणकात चालणारा आभासी संगणक), ईमेलची साठवण. एक व्हाउचर सेव्ह केलं की चार-सोळा केबीचे काही तुकडे डिस्कवर वेगवेगळ्या जागी लिहिले जातात, आणि 'खरंच डिस्कवर उतरलं' अशी पावती मिळेपर्यंत प्रोग्राम थांबून राहतो. या थांबण्याला सिंक म्हणतात. इथे एमबी/सेकंद बघण्यात काही राम नाही. एक पावती यायला किती मिलिसेकंद लागतात तेवढंच महत्त्वाचं.

तुमच्याकडे कुठलं काम जास्त आहे हे अंदाजाने ठरवू नका. सध्याच्या लिनक्स मशीनवर सिसस्टॅट पॅकेज टाका आणि कामाच्या गर्दीच्या वेळी 'आयओस्टॅट' ही कमांड विस्तारित माहितीसह, दर पाच सेकंदांनी, असं अर्धा तास चालू ठेवा. लेखनाचा सरासरी आकार दाखवणारा रकाना ४ ते १६ केबीवर रेंगाळत असेल तर तुमचं काम दुसऱ्या जातीचं. ५०० केबीच्या पुढे असेल तर पहिल्या. शेजारचा 'अवेट' रकाना, म्हणजे एका मागणीला लागलेला सरासरी वेळ, मिलिसेकंदांत असतो. विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये प्रत्येक लेखनाला लागणारा सरासरी वेळ दिसतो, त्यावरूनही कळतं. बहुतेक ऑफिसांत दोन्ही जाती निघतात, आणि मग दोन्हींना एकाच डिस्कवर कोंबू नये.

२. ड्राइव्ह

हार्ड डिस्कचं गणित कागदावर मांडता येतं. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे. हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. हेड हलायला साधारण ८-९ मिलिसेकंद. एका विखुरलेल्या लेखनाला बारा-तेरा मिलिसेकंद, सेकंदाला पंचाहत्तर-ऐंशी. ४ केबीचे ऐंशी तुकडे म्हणजे सेकंदाला ३२० केबी! तीच डिस्क, जी सलग लेखनात २०० एमबी देते. हा फरक कुठल्याही फाइलसिस्टीमने पूर्ण भरून निघत नाही. शिवाय डिस्कच्या बाहेरच्या पट्ट्यांवर जो वेग असतो तो आत जाता-जाता निम्म्यावर येतो, त्यामुळे ९० टक्के भरलेली डिस्क नव्यासारखी कधीच पळत नाही.

हार्ड डिस्क घेताना किमतीच्याही आधी एक गोष्ट विचारायची: सीएमआर की एसएमआर? सीएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावरची सगळी उचलावी लागतात; तसंच मधला एक तुकडा बदलायचा तर त्या पट्ट्यातला पुढचा सगळा भाग पुन्हा लिहावा लागतो, आणि असा पट्टा सहसा २५६ एमबीचा असतो. डिस्क हे काम आपल्या छोट्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) झाकून ठेवते, म्हणून पहिले काही जीबी छान जातात. कॅश भरली की वेग १०-२० एमबीवर, कधी त्याहूनही खाली. एकदा लिहून ठेवायच्या बॅकअपला अशी डिस्क चालते. आरसा (मिरर, म्हणजे दोन डिस्कवर एकच माहिती), रोजच्या कामाची झेडएफएस (एक फाइलसिस्टीम, पुढे येईल) किंवा व्हर्च्युअल मशीन यांसाठी तिचं नाव काढू नका. २०२० साली डब्ल्यूडीच्या नॅससाठी (लॅनवरच्या सामायिक साठवणीसाठी) विकल्या जाणाऱ्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघडकीला आलं, त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क 'रेड प्लस' नावाने वेगळ्या काढल्या. तेव्हा खोक्यावरचं 'नॅस' हे लेबल पुरेसं नाही. पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या तक्त्यात शोधा. खिशात मावणाऱ्या अडीच इंची यूएसबी डिस्क तर बहुतेक एसएमआरच. घरी आणल्यावर 'स्मार्टसीटीएल'मध्ये (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) हार्ड डिस्क असूनही ट्रिम (मोकळी झालेली जागा ड्राइव्हला कळवण्याची सोय) उपलब्ध दिसलं तर ती बहुधा एसएमआर आहे, आणि दुकानात परत करायची वेळ तीच.

एसएसडीत साटा आणि एनव्हीएमई असे दोन रस्ते. साटाची कमाल ५५० एमबीच्या आसपास, रांग ३२ मागण्यांची. एनव्हीएमईला रांगा भरपूर आणि रस्ता रुंद. पण छोट्या ऑफिसात रांग क्वचितच लांब होते, त्यामुळे साध्या फाइल-शेअरिंगला साटा एसएसडीही पुरून उरते. खरा फरक आतल्या पेशींचा. टीएलसीत एका पेशीत तीन बिट असतात, क्यूएलसीत चार. दोन्ही प्रकारांत काही भाग तात्पुरता एसएलसी (पेशीत एकच बिट) कॅश म्हणून वापरला जातो; जाहिरातीतला वेग त्याचाच. ड्राइव्ह भरत जाते तशी ही कॅश आक्रसते. ७०-८० टक्के भरलेल्या क्यूएलसीवर गेरचे ते ३६० जीबी ओतायला घ्या: सुरुवातीला हजार-दीड हजार एमबी दिसतील आणि थोड्याच वेळात आकडा शंभरच्या आसपास येऊन बसेल. साध्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक फोनवर. म्हणून व्हिडिओच्या कामासाठी टीएलसीच घ्यावी, आणि तीही चतुर्थांश रिकामी ठेवावी.

टीबीडब्ल्यू, म्हणजे आयुष्यभरात किती लिहिता येईल, याची चिंता लोक नको तितकी करतात. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हवर साधारण ६०० टीबीडब्ल्यू लिहिलेलं असतं. रोज १०० जीबी लिहिलं तरी वर्षाला ३६.५ टीबी, सोळा वर्षं निघाली. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट खोक्यावर नसते: लाइट गेल्यावर हातातली माहिती वाचवणारे कपॅसिटर, म्हणजेच पॉवर-लॉस प्रोटेक्शन. ते असेल तर ड्राइव्ह सिंकची पावती लगेच देऊ शकते, कारण वीज गेली तरी ती लेखन पुरं करणार असते. घरगुती एसएसडीला दर पावतीआधी खरोखर पेशींपर्यंत जावं लागतं, म्हणून सात हजारवाली एनव्हीएमईही सिंक लेखनात कधी सेकंदाला हजारभरच देते, तर जुनी एंटरप्राइझ साटा ड्राइव्ह त्याच्या कितीतरी पट. टॅलीचा सर्व्हर किंवा डेटाबेस असेल तर नवी चकचकीत गेमिंग एनव्हीएमई घेण्यापेक्षा कपॅसिटरवाली ४८० जीबीची एंटरप्राइझ एसएसडी घेतलेली केव्हाही बरी.

उष्णतेचं थोडक्यात. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. एसी नसलेल्या खोलीत बंद कपाटात ठेवलेली हार्ड डिस्क सहज ५०-५५ अंशांवर जाते. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंशांची. समोर १२० मिमीचा एक पंखा लावला तर दहा अंशांचा फरक पडू शकतो. एनव्हीएमईला ॲल्युमिनियमचं हीटसिंक हवंच, नाहीतर सत्तरीच्या पुढे ती स्वतःच वेग कमी करते.

३. नवी ड्राइव्ह लगेच कामाला लावू नका

आधी 'स्मार्टसीटीएल'ने पूर्ण माहिती वाचा. चालू तास शून्याच्या आसपास हवेत. हजारो दिसले तर माल वापरलेला आहे. खराब जागा मोजणाऱ्या क्रमांक ५, १९७ आणि १९८ या तिन्ही नोंदी शून्य पाहिजेत. मग लांब सेल्फ-टेस्ट लावा. ४ टीबीला सात-आठ तास जातात. वेळ असेल तर 'बॅडब्लॉक्स'ची लिहून-वाचून तपासणी करा. त्यात चार प्रकारचे नमुने लिहून परत वाचले जातात, म्हणून ४ टीबीला दोन-अडीच दिवस लागतात. डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा हे रिकाम्या डिस्कवरच करायचं. ४ टीबीच्या वरच्या डिस्कला ब्लॉक साइझ ४०९६ द्यावी लागते, नाहीतर कमांड सुरूच होत नाही. पेनड्राइव्ह आणि स्वस्तातल्या अनोळखी एसएसडीला 'एफ३' हे साधन चालवा; २ टीबी सांगून ६४ जीबी विकणारा माल तिथेच उघडा पडतो.

४. वेग मोजा, पण नीट मोजा

'डीडी'ने शून्यं लिहून वेग मोजायची सवय सोडा. झेडएफएसवर एलझेड४ कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यं जवळपास काहीच जागा घेत नाहीत आणि दोन-तीन हजार एमबी दिसतात. तो वेग प्रोसेसरचा, डिस्कचा नव्हे. 'एफआयओ' वापरा. दोन चाचण्या पुरतात. पहिली, सलग लेखन, ब्लॉक १ एमबी, एकूण आकार निदान १०० जीबी. इतका मोठा अशासाठी, की रॅम आणि एसएलसी कॅश दोन्ही ओलांडल्याशिवाय खरा आकडा येत नाही. दुसरी, रँडम लेखन, ब्लॉक ४ केबी, रांगेची खोली १, प्रत्येक लेखनानंतर एफसिंक (सिंकची मागणी), ६० सेकंद.

निकालात सरासरीपेक्षा ९९ टक्क्यांची ओळ वाचा, म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव लेखनांना जास्तीत जास्त किती वेळ लागला. सरासरी ६ मिलिसेकंद आणि ९९ टक्क्यांना ४०० मिलिसेकंद असेल तर टॅलीवर बसलेला माणूस मधूनमधून 'अडकतंय' म्हणून ओरडणारच. हेच आकडे फाइलसिस्टीम टाकल्यावर, नंतर स्नॅपशॉट चालू केल्यावर, आणि सहा महिन्यांनी ड्राइव्ह ७० टक्के भरल्यावर पुन्हा घ्या. वहीत लिहून ठेवा; पुढे वाद झाला की हीच वही कामाला येते.

५. फाइलसिस्टीम

ईएक्सटी४ २००८ सालापासून स्थिर मानली जाते. काय करावं कळत नसेल तर हीच घ्या. ती फाइलींच्या रचनेची जर्नल (बदलांची नोंदवही) ठेवते, जुना तुकडा बदलायचा तर त्याच जागी लिहिते, म्हणून डेटाबेसला चांगली. चेकसम (माहिती बिघडली का ते सांगणारे पडताळणीचे आकडे) फक्त रचनेचे, तुमच्या माहितीचे नाहीत. फोटोतला एक बिट उलटला तर ती काही बोलणार नाही. एक बारीक गोष्ट: बनवताना ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य प्रशासकाच्या खात्यासाठी) राखून ठेवली जाते. ४ टीबीवर ते २०० जीबी झाले! डेटाच्या विभागावर 'ट्यून२एफएस'ने हे १ टक्क्यावर आणा.

एक्सएफएस मोठ्या फाइली आणि एकाच वेळी बऱ्याच जणांचं लेखन यासाठी उत्तम. वाढवता येते, लहान करता येत नाही. हे विभाग पाडण्याआधी लक्षात असू द्या. एनटीएफएस विंडोजच्या मशीनवरच राहू द्या. एक्सएफॅटला जर्नल नाही, कॅमेऱ्याचं कार्ड आणि ने-आण यापलीकडे तिच्यावर काही ठेवू नये.

आता बीटीआरएफएस आणि झेडएफएस. या दोघी जुनी जागा कधी खोडत नाहीत. बदललेला तुकडा नव्या जागी लिहितात आणि मग नोंद त्याकडे वळवतात. यालाच कॉपी-ऑन-राइट म्हणतात. फायदे मोठे आहेत. प्रत्येक तुकड्याचा चेकसम असतो, आरसा असेल तर बिघडलेला तुकडा दुसऱ्या डिस्कवरून आपोआप दुरुस्त होतो, आणि स्नॅपशॉट जवळजवळ फुकट मिळतात. किंमत अशी की वारंवार मधे-मधे बदलणारी फाइल (डेटाबेस, व्हर्च्युअल मशीनची इमेज) हळूहळू हजारो तुकड्यांत विखुरते. एसएसडीवर ते फारसं जाणवत नाही. हार्ड डिस्कवर मात्र दर तुकड्याला ते बारा-तेरा मिलिसेकंद मोजावे लागतात, आणि सहा महिन्यांत ४० जीबीची इमेज उघडायला चहा होऊन जातो. एकदा लिहून परत न बदलणाऱ्या फोटो-व्हिडिओला हा त्रास जवळपास नाहीच.

बीटीआरएफएस कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असते, वेगळं काही टाकावं लागत नाही. व्हर्च्युअल मशीनसाठी एक रिकामा फोल्डर करून त्यावर 'सीएचॲटर'ने कॉपी-ऑन-राइट बंद करा आणि मग इमेज त्यात कॉपी करा. आधीपासून भरलेल्या फाइलवर हा झेंडा (फ्लॅग) लावून उपयोग नाही. पण त्याबरोबर त्या फाइलींचे चेकसम आणि कॉम्प्रेशनही जातं. आरशातल्या दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर खरी कोणती हे मग कुणीच सांगू शकत नाही. रेड-५ आणि रेड-६ (तीन-चार डिस्क एकत्र जोडायच्या पद्धती) तिच्यात वापरू नका. लाइट गेली की अर्धवट लेखनाचा प्रश्न तिथे अजून आहे. आरशातली एक डिस्क मेली तर मशीन 'डिग्रेडेड' पर्याय दिल्याशिवाय तो विभाग जोडत नाही. सर्व्हर चालूच होत नाही म्हणून घाबरू नका, ही तिची ठरलेली वागणूक आहे.

झेडएफएस २००५ मध्ये सन मायक्रोसिस्टम्सने खुली केली; आज ओपनझेडएफएस म्हणून चालते. उबुंटूत ती सहज मिळते, डेबियनमध्ये कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बांधलं जातं. कर्नलचं अपडेट शुक्रवारी संध्याकाळी करू नये, हे यासाठीच. पूल (डिस्कचा एकत्रित साठा) बनवताना ॲशिफ्ट १२ द्या, म्हणजे ४०९६ बाइटचा सेक्टर. हे नंतर बदलता येत नाही, आणि ९ राहिलं तर आजच्या डिस्कवर प्रत्येक छोटं लेखन दुप्पट काम करतं. रेकॉर्डसाइझ, म्हणजे एका तुकड्याचा कमाल आकार, मुळात १२८ केबी असते. व्हिडिओ आणि स्कॅनच्या डेटासेटला (पूलमधल्या स्वतंत्र विभागाला) १ एमबी करा, मायएसक्यूएलच्या इनोडीबीला १६ केबी, पोस्टग्रेसला ८ किंवा १६. डेटाबेस १२८ केबीवरच राहिला तर १६ केबीचं एक पान बदलायला १२८ केबी वाचून पुन्हा लिहावं लागतं, म्हणजे आठपट काम. बदल फक्त नव्याने बनणाऱ्या फाइलींना लागू होतो, म्हणून माल भरायच्या आधी ठरवा. कॉम्प्रेशन एलझेड४ चालू ठेवा, डीड्यूप (सारखे तुकडे एकदाच साठवणं) बंद ठेवा. डीड्यूपचा तक्ता रॅम खातो आणि छोट्या मशीनवर सगळंच बसवून टाकतो. स्टुडिओच्या फुटेजमध्ये सारखे तुकडे तसेही नसतात.

रॅमचं: झेडएफएस आपला कॅश रॅममध्ये ठेवते आणि लिनक्सवर जुन्या आवृत्त्यांत निम्म्या रॅमपर्यंत जाते. १६ जीबी घ्या. त्याच मशीनवर व्हर्च्युअल मशीन असेल तर कॅशला ४ जीबीची वेसण घाला.

वेगळी 'स्लॉग' (सिंक लेखनं आधी टिपून ठेवणारी) ड्राइव्ह लावा असं कुणी सुचवलं तर आधी विचारा, सिंक लेखन आहे का? सांबावरून (विंडोज संगणकांना लिनक्सचे फोल्डर वापरू देणारं सॉफ्टवेअर) होणारी साधी फाइल-कॉपी बहुतांशी असिंक असते, तिला काडीचा फायदा नाही. एनएफएसवरची (लिनक्सची फोल्डर-वाटणी) व्हर्च्युअल मशीन किंवा डेटाबेस असेल तर आहे, आणि तेव्हाही गिगाबिट लॅनवर दोन-तीन जीबीच पुरतात, कारण साधारण दर पाच सेकंदांनी माल मुख्य डिस्कवर उतरतो. कपॅसिटर नसलेली ड्राइव्ह स्लॉग म्हणून लावणं म्हणजे पैसे देऊन धोका घेणं. आणि 'सिंक' बंद करून वेग वाढवायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. लाइट गेली की शेवटच्या काही सेकंदांची व्हाउचरं गेली.

६. स्नॅपशॉट

स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाच्या नोंदी जपून ठेवणं. झेडएफएस-बीटीआरएफएसमध्ये ३ टीबीचा स्नॅपशॉटही सेकंदात होतो, कारण काहीच कॉपी होत नाही. नवख्यांचा घोटाळा यापुढे सुरू होतो. डिस्क भरत आली म्हणून ५०० जीबी जुनं फुटेज उडवलं, तरी मोकळी जागा तेवढीच दिसते. माल स्नॅपशॉटने धरून ठेवलेला असतो. तो स्नॅपशॉट जाईपर्यंत जागा सुटणार नाही. झेडएफएसवर यादी 'स्पेस' पर्यायासह काढली की कोणत्या डेटासेटमध्ये स्नॅपशॉटनी किती जागा अडवली आहे ते वेगळ्या रकान्यात दिसतं. बीटीआरएफएसवर 'डीएफ'वर विसंबू नका, तिची स्वतःची 'युसेज' कमांड वापरा.

त्याच कारणाने एडिटिंग सॉफ्टवेअरचा रेंडर-कॅश, प्रॉक्सी आणि डाउनलोडचा फोल्डर यांना वेगळा डेटासेट किंवा सबव्हॉल्यूम (बीटीआरएफएसमधला तसाच विभाग) द्या, आणि तिथे स्नॅपशॉट अजिबात नको. प्रीमियर किंवा रिझॉल्व्हचा कॅश दिवसात शंभर-दोनशे जीबी बनतो आणि पुसला जातो. दर तासाचे स्नॅपशॉट असतील तर हा सगळा कचरा आठवडाभर सांभाळला जातो. पूल आठवड्यात भरला अशी तक्रार आली की आम्ही सगळ्यात आधी इथेच बघतो.

एलव्हीएमचे (लिनक्समध्ये डिस्कचे लवचिक विभाग पाडणारी व्यवस्था) स्नॅपशॉट वेगळे. जुन्या, जाड प्रकारात मूळ जागेवर पहिल्यांदा लिहिताना जुना तुकडा आधी वाचून बाजूला लिहावा लागतो, मग नवा. एका लेखनाचे एक वाचन आणि दोन लेखनं झाली, आणि हार्ड डिस्कवर वेग उघडउघड निम्म्याच्या खाली जातो. जितके स्नॅपशॉट तितकी ही पट वाढते. शिवाय बाजूची राखीव जागा भरली की स्नॅपशॉट रद्द होतो, आतलं काही मिळत नाही. म्हणून जाड स्नॅपशॉट फक्त बॅकअप घेण्यापुरता: बनवा, कॉपी काढा, लगेच काढून टाका. 'एलव्हीएस' कमांडमध्ये किती टक्के भरला ते दिसतं. पातळ प्रकार (थिन) यात बरा, पण तिथे पूलच भरला तर सगळ्यांचंच लेखन अडतं, म्हणून ८० टक्क्यांवर इशारा लावून ठेवा.

बीटीआरएफएसच्या तीन गोष्टी. कॉपी-ऑन-राइट बंद केलेल्या फाइलीचा स्नॅपशॉट घेतला की त्यानंतरचं प्रत्येक तुकड्याचं पहिलं लेखन तरीही नव्या जागी जातं. व्हर्च्युअल मशीनच्या फोल्डरचा तासातासाला स्नॅपशॉट घेतलात तर झेंडा लावून काय साधलं? आणि डीफ्रॅग केलं की स्नॅपशॉटशी असलेली सामायिक जागा तुटते, वापर एकदम दुप्पट होऊ शकतो. कोटाचे गट (जागेची मर्यादा मोजणारे) चालू असतील तर शेकडो स्नॅपशॉट काढून टाकताना मशीन मिनिटंच्या मिनिटं अडकतं. घर-ऑफिसात कोटा बंदच ठेवा.

चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे वीज गेल्या क्षणाची अवस्था. इनोडीबी, पोस्टग्रेस तिच्यातून सावरतात, मात्र डेटा आणि लॉग दोन्ही एकाच स्नॅपशॉटमध्ये आले पाहिजेत. टॅलीबाबत हा भरवसा ठेवू नका. रात्री सगळे बाहेर पडल्यावर टॅलीचा स्वतःचा बॅकअप एका फोल्डरमध्ये घ्या आणि त्या फोल्डरचा स्नॅपशॉट पंधरा मिनिटांनी लावा.

किती ठेवायचे? कागदपत्रं आणि हिशेबाच्या डेटासेटला तासाचे २४, दिवसाचे १४, आठवड्याचे ८. व्हिडिओ-फोटोला दिवसाचे ७ भरपूर झाले. झेडएफएसवर 'सॅनॉइड', बीटीआरएफएसवर 'स्नॅपर' किंवा 'बीटीआरबीके' हे बनवणं आणि छाटणं दोन्ही करतात. सांबात शॅडो-कॉपीचं मॉड्यूल जोडलं की विंडोजवर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' दिसू लागतात; मग फाइल चुकून उडाली की तुम्हाला फोन येत नाही, ज्याची त्याने परत घ्यावी.

आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क जळली, मशीन चोरीला गेलं, की तोही गेला. दुसऱ्या डिस्कवर प्रत हवीच.

७. एक चालणारी मांडणी

वर सांगितलेल्या मिश्र कामासाठी: ४ टीबीच्या दोन सीएमआर हार्ड डिस्क, झेडएफएसचा आरसा, त्यात व्हिडिओ, स्कॅन आणि कागदपत्रं असे तीन डेटासेट. कपॅसिटरवाल्या दोन ४८० जीबी साटा एसएसडी, त्यांचा वेगळा आरसा, त्यावर टॅली, डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीन. सिस्टीमसाठी कुठलीही २५० जीबीची साधी एसएसडी, ईएक्सटी४. रॅम १६ जीबी. बाहेरच्या दोन ४ टीबी यूएसबी डिस्क, आलटून पालटून. एक ऑफिसात, दुसरी घरी. या एसएमआर असल्या तरी चालतील, कारण 'सिंकॉइड' (झेडएफएसचे स्नॅपशॉट दुसऱ्या डिस्कवर पाठवणारं साधन) दर रात्री फक्त बदल पाठवतो. ४ टीबी डिस्क लिनक्समध्ये ३.६४ टीआयबी दिसते, फसवणूक नाही. त्यातले ८० टक्के म्हणजे साधारण २.९ एवढीच आपली जागा समजा. त्यापुढे झेडएफएसला सलग मोकळी जागा शोधताना धाप लागते.

यूपीएस ६०० व्हीएचा चालेल, पण यूएसबीने जोडून 'नट' सॉफ्टवेअरने सर्व्हर आपोआप बंद होईल असं बसवा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर मागचा खटका 'यूपीएस' मोडवर आहे ना ते बघा. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला लागणाऱ्या वेळात संगणक रिस्टार्ट होऊ शकतो.

महिन्यातून एकदा स्क्रब (सगळी माहिती चेकसमशी ताडून बघणं), एसएसडीवर आठवड्याला ट्रिम.

८. स्लो झालं तर कुठे बघायचं

सगळ्यात आधी जागा. ८०-८५ टक्क्यांच्या वर असेल तर बाकीचा शोध नंतर. मग स्मार्टमधली १९९ क्रमांकाची नोंद. ती वाढत असेल तर दोष डिस्कचा नसून साटा केबलचा. शंभर रुपयांची केबल बदलून पुन्हा बघा. १९७ वाढत असेल तर डिस्क काढायची तयारी करा. त्यानंतर आयओस्टॅट: आरशातल्या एका डिस्कचा अवेट ८ मिलिसेकंद आणि जोडीदाराचा १५० असेल तर तीच आजारी आहे, झेडएफएसने अजून दोष दाखवला नसला तरी. दोन्हींचा सारखाच वाढलेला असेल तर स्क्रब किंवा बॅकअप कामाच्या वेळेत चालू झालाय का ते बघा. क्रॉनमध्ये (कामांच्या वेळापत्रकात) वेळ चुकून दुपारी दोनची टाकलेली असते. हे सगळं ठीक असून फक्त एकाच संगणकावर स्लो असेल तर सर्व्हरला हात लावू नका. त्या संगणकाचा लॅनचा दुवा १०० मेगाबिटवर उतरलेला असतो, आणि वेग बरोब्बर ११ एमबीवर अडकलेला दिसतो.

डिस्क बदलताना जुनी आधी उपटू नका. जागा आणि पोर्ट असेल तर नवी तिसऱ्या पोर्टवर लावा, 'रिप्लेस' कमांड द्या, ४ टीबीचा माल उतरायला सात-आठ तास जाऊ द्या, स्टेटसमध्ये चुका शून्य दिसल्या की मगच जुनी काढा. काढण्याआधी सिरियल क्रमांक स्टिकरवरून ताडून घ्या, कारण मशीन सुरू होताना डिस्कची नावं अदलाबदल होऊ शकतात. आणि हा सगळा खटाटोप सुरू करायच्या आधी घरची यूएसबी डिस्क आणून तिच्यावरून एक फोल्डर खरोखर उघडून बघा.